पाचशे फॉर्म नकोत, दीडशे नेमके हवेत

पत्र : आम्ही चौघं टी.वाय.बी.एस्सी. संख्याशास्त्राला आहोत. कॉलेज तालुक्याच्या गावी, विद्यापीठाशी संलग्न. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा आहेत. आमची बॅच २०२४-२५ ची, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्याची पहिलीच. या सत्रात दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आहे. विषय ठरवलाय : ‘नवीन शैक्षणिक धोरणाचा विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासावर होणारा परिणाम – एक सांख्यिकीय अभ्यास’. ४२ प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे. तो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ५०० प्रतिसाद गोळा करायचेत. सर म्हणतात, काय-स्क्वेअर, टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन सगळं आलं पाहिजे आणि जुन्या पॅटर्नशी तुलनाही हवी. हातात दहा आठवडे. ५०० पुरतील का? कुठली टेस्ट कुठे लावायची? (कॉलेजच्या द्वितीय वर्षात कला २४०, वाणिज्य ३००, विज्ञान १८० असे ७२० विद्यार्थी आहेत. आम्हाला निवडावा लागला तसाच त्यांनाही ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला एक विषय, निवडावा लागतो.)

उत्तर :

फॉर्म अजून ग्रुपवर टाकला नसेल तर थांबा. एकदा टाकला की त्यातून येणारा डेटा फेकवत नाही आणि वापरताही येत नाही.

आधी शीर्षक. ‘सर्वांगीण विकास’ मोजायची पट्टी कुणाकडेच नाही, त्यामुळे त्यावर झालेला ‘परिणाम’ तुम्हाला दाखवता येणार नाही. ‘विद्यार्थी’ म्हणजे कोण हेही शीर्षक सांगत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील, ‘तुमचं पॉप्युलेशन कोणतं?’ (म्हणजे निष्कर्ष नेमक्या कोणत्या गटाबद्दल?) आणि तिथेच गाडी अडेल. धोरण २९ जुलै २०२० ला मंजूर झालं, पदवीच्या क्रेडिट आराखड्याचा राज्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ चा, आणि तुमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत पदवीच्या प्रथम वर्षाला तो आला २०२४-२५ मध्ये. एवढ्या मोठ्या बदलाचा ‘परिणाम’ चार जणांनी दहा आठवड्यांत मोजावा अशी अपेक्षा विद्यापीठाचीही नाही. फील्डवर्कचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचे माणशी ६० आणि चौघांचे मिळून २४०. तेवढ्यात बसेल आणि आकड्यात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न घ्या.

तुमच्या पत्रातच तो आहे : ओपन इलेक्टिव्ह (ओई). नव्या आराखड्याचं सगळ्यात मोठं आश्वासन म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य. मेजर, म्हणजे मुख्य विषय, एका शाखेचा असला तरी ओई दुसऱ्या शाखेतून घ्यायचा, म्हणजे बी.कॉम.च्या मुलीला मानसशास्त्र घेता यावं आणि बी.ए.च्या मुलाला डेटाची तोंडओळख व्हावी. आता निवड खरंच होते का, हे मोजता येतं. मागितलेला विषय मिळाला की नाही याला मताचा, भावनेचा संबंध नाही. ती नोंद असते. शीर्षक असं करा : ‘अमुक महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ओपन इलेक्टिव्हमध्ये पहिली पसंती मिळण्याचे प्रमाण व न मिळण्याची कारणे’. रुक्ष वाटेल, पण पॉप्युलेशन, वर्ष, विषय आणि काय मोजलं हे चारही त्यात आलं.

प्रश्नावलीआधी ऑफिस गाठा

अशा प्रोजेक्टमधली सगळ्यात भक्कम आकडेवारी कॉलेजच्या ऑफिसात पडून असते आणि तिकडे सहसा कुणी जात नाही. प्राचार्यांच्या नावे विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र द्या आणि चार गोष्टी मागा : विद्यापीठाने ओईसाठी दिलेली विषयांची यादी, त्यांतले कॉलेजने जाहीर केलेले विषय, प्रत्यक्षात वर्ग सुरू झालेले विषय, आणि प्रत्येक विषयाला किती अर्ज आले व किती जागा होत्या. विद्यार्थ्यांची नावं नकोत, फक्त संख्या. परीक्षा विभागाकडे नाही, प्रवेश पाहणाऱ्या क्लार्ककडे किंवा धोरणाचे समन्वयक असलेल्या सरांकडे ही माहिती मिळते. काही कॉलेजांत ओई गूगल फॉर्मवर भरून घेतात. मग एक्सेलची तयार शीटच असेल, फक्त नाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) हे कॉलम काढून टाकून द्यायला सांगा.

एवढ्यावरून दोन तक्ते होतात. पहिला : कागदावर किती विषय, जाहीर किती, सुरू किती, तिन्ही शाखांसाठी वेगवेगळे. दुसरा : विषयवार अर्ज आणि जागा. या दोन तक्त्यांत नमुना नाही, म्हणून नमुन्याची चूकही नाही. ही अख्खी गणना आहे. यावर टेस्ट लावू नका. संपूर्ण पॉप्युलेशन हातात असताना पी-व्हॅल्यू (नमुन्यात दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) काढणं म्हणजे सगळे पेपर तपासून झाल्यावर निकालाचा अंदाज वर्तवणं.

सोबत आणखी दोन आकडे घ्या : या बॅचचे प्रथम वर्षाचे प्रवेश किती आणि द्वितीय वर्षाचे किती. मध्ये गळलेले विद्यार्थी तुमच्या सर्वेक्षणात कधीच येणार नाहीत. कुणी एटीकेटीचे नियम न पार केल्याने मागे राहिले असतील, कुणी कॉलेज बदललं असेल, कुणी एक वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले असतील (तसं बाहेर पडताना कौशल्य अभ्यासक्रमाची जास्तीची चार क्रेडिट लागतात, तेव्हा ती नोंद वेगळी मिळेल). ज्यांना विषय अजिबात झेपला नाही तेच बहुधा या यादीत नसतील. अहवालात ही मर्यादा आकड्यासकट लिहा. ‘आमच्या अभ्यासाला काही मर्यादा आहेत’ या एका ओळीला कुणी गुण देत नाही.

५०० चं गणित

५०० ही संख्या कुठून आली? बहुतेक गोल आहे म्हणून. प्रमाण काढायचं असेल तर सूत्र तुम्हाला पाठ आहे : १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग. मर्यादा ±५ टक्के धरली तर ३८४.१६, म्हणजे ३८५. पण तुमचं पॉप्युलेशन ७२० च आहे, म्हणून फायनाइट (मर्यादित) पॉप्युलेशनची दुरुस्ती करा : ३८४.१६ भागिले (१ + ३८३.१६/७२०). उत्तर २५१. मर्यादा ±७ चालणार असेल तर १९६ पासून सुरू करा, दुरुस्तीनंतर १५५ उरतात. चौघांना ±७ पुरे. निम्म्यांना पसंती मिळते की तीन-चतुर्थांशांना, हे त्यातून नक्की कळतं.

१५५ शाखांच्या प्रमाणात वाटले की कला ५२, वाणिज्य ६५, विज्ञान ३९. पूर्णांकामुळे बेरीज १५६. पाचातला एक हाती लागणार नाही असं धरून ०.८ ने भागा : ६५, ८२, ४९, एकूण १९६ नावं. चौघांत प्रत्येकी ४९. एका मुलाखतीला शोधाशोध धरून १५ मिनिटं लावली तर माणशी सव्वाबारा तास. बसतंय.

इथे एक खाच आहे. ±७ ही मर्यादा सगळ्या कॉलेजसाठी. विज्ञान शाखेचं वेगळं प्रमाण काढायला गेलात तर ३९ जणांवर ती ±१४ होते. ‘विज्ञानात ५० टक्के’ म्हणजे ३६ ते ६४ मधलं काहीही. शाखांची तुलना हाच मुख्य प्रश्न असेल तर तिन्हीतून सारखे ५२-५२ घ्या आणि कॉलेजचं एकूण प्रमाण काढताना शाखेच्या आकाराने वजन द्या. तरीही ५२ विरुद्ध ५२ मध्ये साधारण २७ टक्क्यांहून मोठा फरकच (४० विरुद्ध ६७ असा) पकडला जाण्याची शक्यता ८० टक्के असते. ६० विरुद्ध ७० टक्के असा दहाचा फरक पकडायचा तर सूत्र प्रत्येक गटात ३५३ मागतं. दोन गटांचे मिळून ७०६, आणि तुमच्या द्वितीय वर्षात एकूण डोकी आहेत ७२०. म्हणून ‘शाखांत लक्षणीय फरक आढळला नाही’ असं लिहिण्याआधी, असलेला फरक दिसण्याइतका तुमचा नमुना मोठा होता का, हे लिहा. परीक्षकांना हे वाक्य क्वचित वाचायला मिळतं.

शेजारच्या कॉलेजातले मित्र घेऊन नमुना ‘जिल्ह्याचा’ करायचा मोह होईल. तो आवरा. एकाच कॉलेजातल्या मुलांची उत्तरं एकमेकांसारखी येतात, कारण विषयांची यादी आणि वेळापत्रक तेच असतं. कॉलेजमागे ३० मुलं घेतली आणि त्यांच्यातलं साम्य अगदी ०.०५ धरलं तरी डिझाइन इफेक्ट (या साम्यामुळे नमुना किती पटीने मोठा लागतो तो आकडा) १ + २९ × ०.०५ = २.४५ होतो; ४०० फॉर्मची खरी किंमत १६३ फॉर्मएवढी उरते. ओईच्या बाबतीत साम्य याहून बरंच जास्त असणार. आणि कॉलेजं दोनच असतील तर तुलना दोन आकड्यांची आहे, ४०० ची नाही.

व्हॉट्सॲपवरचा फॉर्म का नको

ग्रुपवर टाकलेला फॉर्म कोण भरतं? तुमचे मित्र, वर्गातले उत्साही, आणि ज्यांचा राग आहे ते. काही जण दोनदा भरतात, काहींचे फॉर्म दुसराच भरून टाकतो. प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता माहीत नसेल तर वरच्या परिच्छेदातलं एकही सूत्र लागू होत नाही, मग प्रतिसाद ५०० असोत की ७००. साताऱ्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे पीक-कापणी प्रयोगांच्या (शेताचा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या) वादात हेच मांडत होते : कापणीचा तुकडा लहान असला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन जास्त दिसतं, असे लहान तुकडे कितीही वाढवले तरी ती चूक कमी होत नाही. नमुना वाढवल्याने दैवाची चूक घटते, एकाच बाजूला झुकणारी चूक तशीच राहते.

तेव्हा शाखावार रोल कॉलची यादी घ्या, एक्सेलमध्ये शेजारच्या कॉलममध्ये रँड फंक्शनने यादृच्छिक आकडे टाका, ते लगेच ‘व्हॅल्यू’ म्हणून पेस्ट करा (नाहीतर प्रत्येक क्लिकला बदलत राहतात आणि यादी पुन्हा तशी निघत नाही), क्रम लावा आणि वरची ६५, ८२, ४९ नावं उचला. ही शीट तारखेसह जपून ठेवा.

मग या १९६ जणांनाच गाठायचं. सापडला नाही म्हणून शेजारच्या बाकावरचा घ्यायचा नाही. कॉलेजला रोज येणारे आणि न येणारे यांच्यात मोठा फरक असतो : न येणारा कुठे तरी कामाला जातो, शेतीत असतो, किंवा त्याला साडेसातच्या तासाला पोचवणारी एसटीच नाही. आणि ओई नेमका साडेसातला किंवा शेवटच्या तासाला ठेवलेला असतो! म्हणजे ज्यांची उत्तरं सगळ्यात जास्त हवीत तेच गैरहजर. वेगवेगळ्या वारी तीनदा प्रयत्न करा. विज्ञानवाले प्रॅक्टिकलला हमखास सापडतात. वाणिज्य-कलावाले अंतर्गत परीक्षेच्या दिवशी आणि परीक्षा फॉर्म भरायच्या रांगेत. तरीही न मिळालेल्यांची शाखावार संख्या तक्त्यात द्या.

फॉर्म मोबाइलवर असला तरी चालेल, पण मोबाइल तुमचा आणि समोर तुम्ही. वर्गावर शिक्षक असताना भरून घेऊ नका. शिक्षकांसमोर ‘विषय आवडला’ हेच उत्तर येतं. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा. नावाऐवजी क १ ते क ६५, वा १ ते वा ८२, वि १ ते वि ४९ असे संकेत द्या आणि नाव-संकेताची यादी गाइडकडे (मार्गदर्शक सरांकडे) कुलपात ठेवा. सुरुवातीला दोन ओळींत संमती : उत्तर देणं ऐच्छिक आहे, गुणांशी संबंध नाही. जात, उत्पन्न हे प्रश्न सवयीने टाकले जातात. ज्या तक्त्यात ते वापरणार तो तक्ता आधी आखलेला नसेल तर विचारू नका.

४२ प्रश्नांचे १२ करा

नमुना म्हणून तुमच्यासारख्या फॉर्मांत हटकून असणारा एक प्रश्न घेऊ : ‘नवीन अभ्यासक्रमामुळे तुमची कौशल्ये व आत्मविश्वास वाढला असे तुम्हाला वाटते का? पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.’ यात कौशल्य आणि आत्मविश्वास असे दोन प्रश्न एकात आहेत. ‘वाढला’ हे उत्तर आधीच सुचवलंय. आणि उत्तर देणाऱ्याने जुना पॅटर्न पाहिलेलाच नाही, मग ‘मुळे’ हे तो कशाच्या जोरावर सांगणार? वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आत्मविश्वास तसाही वाढतो.

त्याऐवजी घडलेलं विचारा, आणि या क्रमाने :

१. या सत्रात ओई निवडताना तुमच्यासमोर प्रत्यक्ष किती विषयांचे पर्याय होते? (० / १ / २ / ३ / ४ वा जास्त)
२. तुमची पहिली पसंती कोणती होती? (विषयाचं नाव, पसंतीच नव्हती असल्यास तशी खूण)
३. मिळालेला विषय कोणता?
४. पहिली पसंती मिळाली नसल्यास मुख्य कारण एकच : जागा संपल्या / पुरेसे विद्यार्थी नसल्याने विषय सुरू झाला नाही / वेळापत्रक जुळत नव्हतं / एसटी किंवा कामाच्या वेळेमुळे / फॉर्म उशिरा भरला / कॉलेजनेच वर्गवार विषय ठरवून दिला.
५. निवडीआधी विषयाची माहिती कुणाकडून मिळाली?
६. गेल्या चार आठवड्यांत ओईचे किती तास झाले असावेत?

उरलेले शाखा, मुलगा-मुलगी, येण्याजाण्याला लागणारा वेळ, अर्धवेळ काम, असे पार्श्वभूमीचे. बस्स.

पहिल्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. पर्याय एकच असेल तर पहिली पसंती शंभर टक्के मिळणारच. शंभरातल्या चाळीस जणांना पर्यायच नव्हता आणि उरलेल्या साठांपैकी तिसांना पसंती मिळाली, तर सरसकट काढलेलं प्रमाण ७० टक्के येतं आणि खरं प्रमाण ५०. ज्या कॉलेजात निवड सगळ्यात कमी तेच कागदावर सगळ्यात ‘समाधानी’ दिसेल. म्हणून दोन आकडे वेगळे द्या : किती जणांना निवड करता आली, आणि ज्यांना करता आली त्यांच्यापैकी कितींना पसंती मिळाली. दुसऱ्या आकड्याचा पाया लहान होतो (१५६ ऐवजी ११६ उरले तर ±७ चं ±८ होतं), ते मान्य करा.

चौथ्या प्रश्नातलं शेवटचं कारणही विसरू नका. ‘बी.एस्सी. अ तुकडीला सगळ्यांना हाच ओई’ असं वाटप सोयीसाठी केलं जातं. मुलांना ते वाटप वाटतच नाही. ती सरळ सांगतात, ‘हाच मिळतो सर.’ हा पर्याय छापलेला नसेल तर ती ‘जागा संपल्या’वर खूण करतील आणि तुमचं कारणांचं कोष्टक खोटं होईल.

नमुन्याबाहेरच्या दहा जणांवर आधी चाचणी घ्या, तिन्ही शाखांतले, त्यात दोन-तीन क्वचित येणारे. प्रश्न वाचून ते काय समजले हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हटल्यावर काही जण मायनर (दुय्यम विषय) सांगतील, काही व्हीएससी किंवा एसईसीचा (कौशल्यांचा) विषय सांगतील. सत्राला २०-२२ क्रेडिट आणि त्यात इतक्या प्रकारचे विषय म्हटल्यावर घोळ होणारच. उपाय : फॉर्मवर तुमच्या कॉलेजच्या ओई विषयांची नावं छापून द्या. सर्वेक्षण विषयवाटपानंतर होईल तितक्या लवकर करा, उशीर झाला की मिळालेला विषयच पहिली पसंती होता असं आठवायला लागतं. शेवटी चिठ्ठ्या टाकून २० फॉर्म निवडा आणि पसंती व मिळालेला विषय ऑफिसच्या नोंदीशी ताडून पाहायला क्लार्कना सांगा. किती जुळले तेवढंच ते कळवतील.

टेस्ट कुठली?

मुख्य उत्तराला टेस्ट लागत नाही; प्रमाण आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं प्रमाण ज्या दोन टोकांत असावं ती पट्टी) लागतो. समजा सगळ्या १५६ जणांना निवड करता आली आणि त्यांपैकी ८७ जणांना पसंती मिळाली : ५५.८ टक्के. स्टँडर्ड एरर ३.९८, पॉप्युलेशनच्या दुरुस्तीचा गुणक ०.८८६ लावून ३.५२, म्हणजे इंटरव्हल साधारण ४८.९ ते ६२.७. ‘निम्म्याहून जास्त मुलांना पसंती मिळते’ असं या आकड्यावरून म्हणता येत नाही, कारण खालचं टोक ५० च्या खाली आहे. हे एवढं वाक्य नीट लिहिलंत तर अर्धा प्रोजेक्ट झाला.

काय-स्क्वेअर (दोन गोष्टींत संबंध आहे का हे पाहणारी टेस्ट) एकदाच : शाखा आणि पसंती मिळाली/नाही. कारणांचं कोष्टक शाखेशी लावायला गेलात तर सहा कारणं गुणिले तीन शाखा अशी १८ घरं होतात, आणि मिळाली नाही असे साठ-सत्तरच. कित्येक घरांत अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली जाईल, मग टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही. कोणती कारणं एकत्र करायची (जागा + विषय सुरू नाही = ‘पुरवठा’; वेळापत्रक + एसटी = ‘वेळ’) हे डेटा पाहण्याआधी लिहून ठेवा. नंतर एकत्र केलीत तर हवं ते उत्तर येईपर्यंत एकत्र करत राहाल.

४२ प्रश्न आणि ५ पार्श्वभूमीचे घटक यांची सगळी कोष्टकं म्हणजे २१० काय-स्क्वेअर. खरा संबंध कुठेच नसला तरी ५ टक्के पातळीवर दहा-अकरा ‘लक्षणीय’ निघतात, आणि प्रोजेक्टचे निष्कर्ष बहुधा नेमके तेच दहा-अकरा असतात. सरांना हा हिशोब आदराने दाखवा. रिग्रेशन हवंच म्हणाले तर पसंती मिळाली/नाही यावर लॉजिस्टिक (हो/नाही अशा उत्तराचं रिग्रेशन) करा, घटक तीनच : शाखा, येण्याजाण्याचा वेळ, अर्धवेळ काम. अनोव्हा (दोनहून जास्त गटांच्या सरासरींची तुलना) वाटल्यास सहाव्या प्रश्नावरच्या तासांसाठी तिन्ही शाखांत. तिथे न आठवलेल्यांना ९९ हा संकेत दिला असेल तर तो आधी काढा. सरासरी अचानक १८ तास आली की समजावं, ९९ आत राहिलेत.

जुन्या पॅटर्नशी तुलना

ही वगळा असाच सल्ला आहे, पण सर ऐकणार नसतील तर खड्डे कुठे आहेत ते माहीत असू द्या.

जुना पॅटर्न म्हणजे २०२३-२४ चा प्रवेश, नवा म्हणजे २०२४-२५ चा. दोन बॅच मुळात सारख्या होत्या का हे पाहायला सगळे दहावीचे गुण घेतात. इथे ते चालणारच नाहीत. सरळ मार्गाने आलेल्या २०२३-२४ च्या मुलांची दहावी २०२१ ची. तेव्हा कोविडमुळे बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. पुढच्या बॅचची दहावी २०२२ ची. परीक्षा झाली, पण २५ टक्के अभ्यासक्रम कमी करून. या दोन टक्केवाऱ्या एका पट्टीवरच्या नाहीत. बारावी त्यातल्या त्यात बरी : २०२३ आणि २०२४ दोन्ही पूर्ण अभ्यासक्रमावर, राज्याचे निकाल ९१.२५ आणि ९३.३७. तीच कोव्हेरिएट (तुलनेआधी हिशोबात धरायचा घटक) म्हणून घ्या आणि गॅप घेतलेल्यांना वेगळं काढा.

दुसरा खड्डा त्याच वर्षातला. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसना राज्याची सीईटी लागली. काही मुलं त्यामुळे बी.कॉम., बी.एस्सी.कडे वळली असणार. नव्या बॅचच्या निकालात फरक दिसला तर तो अभ्यासक्रमाचा की बदललेल्या मुलांचा, हे तुमच्या डेटावरून सुटणार नाही.

तिसरा सीजीपीएचा, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरी श्रेणीचा. नव्या सीजीपीएत मूल्यशिक्षण, सहशालेय उपक्रम असे घटकही येतात. त्यांत अंतर्गत गुण सढळ हाताने पडतात. जुन्या आणि नव्या सीजीपीएची टी-टेस्ट ही दोन वेगळ्या वस्तूंची तुलना आहे. करायचीच तर संख्याशास्त्राच्या पेपरपुरती, त्यातही दोन्ही अभ्यासक्रमांत समान असलेल्या घटकांच्या लेखी गुणांची. आणि मुलं वेगळी आहेत, तेव्हा पेअर्ड (त्याच मुलांच्या आधी-नंतरच्या गुणांची) टी-टेस्ट नाही, दोन वेगळ्या गटांसाठीची वेल्चची. गुणांचं प्रमाण विचलन १५ धरलं तर ५ गुणांचा फरक पकडायला प्रत्येक बॅचमध्ये १४२ मुलं लागतात. संख्याशास्त्राला वर्गात ३५ असतील तर १० गुणांहून कमी फरक बहुधा निसटेल.

स्वायत्त कॉलेजांनी हा आराखडा एक वर्ष आधी, २०२३-२४ ला सुरू केला, म्हणून त्यांच्याशी तुलना करून डिफरन्स-इन-डिफरन्स (दोन्हीकडच्या बदलांमधला फरक) काढावा असंही कुणी सुचवेल. त्यांचे पेपर ते स्वतः काढतात, तुमचे विद्यापीठ काढतं. सोडून द्या.

दहा आठवडे

पहिले दोन आठवडे ऑफिसचं पत्र, त्याचा पाठपुरावा आणि रिकामे तक्ते. अहवालात येणारा प्रत्येक तक्ता आधी आकड्यांशिवाय आखा, ओळी-रकाने भरलेले, घरं कोरी. असे पाच-सहा पुरतात. ज्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच कोऱ्या घरात जात नाही तो प्रश्न फॉर्ममधून काढा. गाइडची सही त्या कोऱ्या तक्त्यांवर घ्या, शीर्षकावर नाही. मग आठव्या आठवड्यात ‘अजून एक अनोव्हा घाला’ म्हटलं जात नाही. तिसऱ्यात चाचणी आणि दुरुस्ती. चौथा ते सातवा मुलाखती. यात अंतर्गत परीक्षा आणि सणाची सुट्टी येणार हे धरूनच चार आठवडे दिलेत. रोजचे फॉर्म रोज शीटमध्ये चढवा आणि भरणाऱ्याने दुसऱ्याचे भरलेले तपासावेत. आठवा विश्लेषणाला, उरलेले दोन लिहायला आणि छपाईला.

अहवाल २५ पानांत बसवा. धोरणाचा इतिहास एका पानात. दहा पानं नेटवरून उतरवून घातली की ती कुणी वाचत नाही आणि साहित्यचोरीच्या तपासणीत नेमकी तीच सापडतात. फॉर्म, संकेतांची यादी आणि नमुना निवडीची पद्धत परिशिष्टात द्या. आणि पहिल्या दोन तक्त्यांची एक प्रत कॉलेजच्या वेळापत्रक समितीला पुढच्या सत्राचे ओई फॉर्म निघण्याआधी नेऊन द्या. कोणत्या विषयाला जागांच्या दुप्पट अर्ज येतात आणि कोणता विषय तीन मुलांवर चालतो, हे एका पानावर त्यांच्यासमोर बहुधा पहिल्यांदाच येईल.